गुरुवारची रांग

"ताई, तुमचं कार्ड द्या की. मुलीचं नको," खिडकीतला माणूस म्हणाला.

"मुलीचंच आहे ते," उज्ज्वला खोत म्हणाली.

त्यानं चष्मा कपाळावर ढकलला, पुन्हा नाकावर आणला आणि पडद्याकडं नीट पाहिलं. मग वाकून त्यानं उज्ज्वलाच्या मागं उभ्या असलेल्या शर्वाणीकडं पाहिलं. आवाज खाली आणावा असं त्याच्या मनात आलंही असेल, पण समोरचा माइक चालूच राहिला होता.

"शर्वाणी खोत. वय तेरा. यकृत एक्कावन्न. ही सोमवारची रांग हो. सोमवारी विशीच्या आतले. तुम्ही गुरुवारी या."

आठवीचा सगळा वर्ग त्या दिवशी शाळेच्या वार्षिक तपासणीसाठी मिरजेच्या केंद्रात आला होता. बाकांवर दाटीवाटीनं बसलेल्या चाळीस मुलामुलींनी ते ऐकलं. मग मागून कुणीतरी अगदी साळसूदपणे म्हणालं, "काकू, बसा ना. उभ्या का?"

हशा झाला. शर्वाणीही हसली. आपणही हसलं की लोकांचं हसू जरा लवकर आटपतं, हे तिला पहिलीपासून ठाऊक होतं.

त्या यंत्राविषयी आधी थोडं सांगायला हवं. त्याचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. लोक त्याला 'पत्रिकेचं यंत्र' म्हणत. आपल्या अंगातल्या पेशी रोज मरत असतात, नव्या होत असतात. मरणारी पेशी आपल्या गुणसूत्रांचे बारीक तुकडे रक्तात सोडून जाते, आणि त्या तुकड्यांवर रासायनिक खुणा असतात. ग्रंथालयातल्या पुस्तकाचं एखादं सुटं पान हाती आलं, तर मुरलेला ग्रंथपाल ते कुठल्या पुस्तकाचं हे सांगतो. बोटांचे डाग, दुमडलेले कोपरे, कागदाचा पिवळेपणा बघून ते पुस्तक किती हाताळलं गेलंय, हेही सांगतो. यंत्र नेमकं हेच करायचं. रक्ताच्या चार थेंबांतला कुठला तुकडा यकृताचा, कुठला हृदयाचा, कुठला मूत्रपिंडाचा हे ओळखायचं, आणि तो अवयव किती झिजला आहे ते वर्षांत मांडायचं.

माणसाला एकच वय नसतं, हे त्या यंत्रामुळं घरोघरी कळलं. कुणा साठीच्या पोस्टमनचं हृदय पस्तिशीचं निघे, तर कुणा तिशीच्या नवरदेवाचं मूत्रपिंड सासऱ्याच्या वयाचं. मग केंद्रानं पद्धत पाडली, की ज्याचा जो अवयव सगळ्यांत म्हातारा, त्या वयाच्या रांगेत त्यानं बसायचं. सोमवारी विशीच्या आतले, बुधवारी वीस ते चाळीस, गुरुवारी चाळीस ते साठ, शुक्रवारी साठीच्या पुढचे. उपचार अवयवावर करायचे असतात, जन्मदाखल्यावर नव्हे, असं डॉक्टर म्हणत. पद्धत शहाणपणाची होती. फक्त रांगेत अवयव बसत नाही, माणूस बसतो, एवढं ती पाडताना कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

उज्ज्वला अंगणवाडी सेविका होती. अठरा वर्षं ती दुसऱ्यांच्या लेकरांना वजनकाट्याच्या झोळीत घालत आली होती. तक्त्यावरच्या लाल पट्ट्यातलं मूल पिवळ्यात आलं, पिवळ्यातलं हिरव्यात गेलं, की तिला सण झाल्यासारखं वाटे. वजन वाढलं म्हणजे जीव वाचला, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यामुळं स्वतःची मुलगी तक्त्याच्या वरच्या रेषेबाहेर गेली तेव्हा तिचा ऊर भरूनच आला. तो तक्ता वरच्या अंगानंही धोक्याचा असतो, हे तिला कधी मनापासून पटलं नव्हतं. शर्वाणीच्या मानेवर काळा पट्टा उमटला, तो ती दर रविवारी डाळीच्या पिठानं घासायची. पट्टा निघायचा नाही.

अकराव्या वर्षी शर्वाणीला एक जिना चढताना दोनदा थांबावं लागलं, तेव्हा मात्र घर घाबरलं. वडील पुण्याला कारखान्यात; पंधरा दिवसांनी यायचे आणि येताना पिशवीभर खाऊ आणायचे. ते काय सांगणार? इस्लामपूरच्या आत्यानं उपाय सांगितला. "पोरीला उपास धरायला लाव. देवही पावंल, वजनही उतरंल."

झालं. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि महिन्याची संकष्टी. उपासाला साबुदाण्याची खिचडी, वर तुपाची धार, सोबत बटाट्याचा कीस, दुपारी राजगिऱ्याचे लाडू, संध्याकाळी शिकरण. "एकादशी, दुप्पट खाशी," असं म्हणत घरात सगळे हसायचे आणि पुन्हा वाढायचे. वजन उतरायचं राहिलं बाजूला, दोन वर्षांत अठरा किलो चढलं.

पहिल्या गुरुवारी डॉ. संयोगिता बेडगे यांनी आधी शर्वाणीची मान पाहिली.

"उज्ज्वलाताई, हा मळ नव्हे. रक्तात इन्सुलिन फार झालं, की कातडी अशी काळी आणि जाड होते. ती बिचारी चिठ्ठी पाठवत होती, आणि आपण ती पुसत होतो."

मग त्यांनी फळ्यावर खडूनं यकृत काढलं. "साबुदाणा देवाला चालतो, हिच्या यकृताला नाही. तो नुसता पिष्ट. पोटात गेल्यावर त्याची साखर होते. अंगाला लागून उरलेल्या साखरेची यकृत चरबी करतं आणि स्वतःच्याच घरात साठवत बसतं. आधी चरबी, मग सूज, मग व्रण. चरबी उतरते. सूजही उतरते. व्रणापासून माघारी फिरणं फार अवघड. शर्वाणी अजून सुजेपाशी आहे. आणि वाढत्या वयाचं शरीर लवकर ऐकतं. कळलं का बाळ? म्हातारी माणसं ज्याला तरसतात ते तुझ्याजवळ अजून आहे."

उज्ज्वला आपल्या तळव्यांकडं बघत बसली होती. "अठरा वर्षं मी लोकांना सांगत आले, पोराला भरवा म्हणून," ती शेवटी म्हणाली.

पुढच्या गुरुवारपासून शर्वाणी एकटी जाऊ लागली. आईची अंगणवाडी त्याच वेळेला असे. सकाळी आठला ती केंद्रात पोचली. बाक भरलेले. सगळी माणसं आईबाबांच्या वयाची, काही त्याहून मोठी. तिसऱ्या बाकाच्या टोकाला ती अंग चोरून उभी राहिली.

"कुणाबरोबर आलीस गं पोरी?" बाकावरच्या माणसानं विचारलं. त्याचं पोट गच्च फुगलेलं आणि दंड मात्र काटकुळे होते.

"एकटीच."

"मग पेशंट कोण?"

"मी."

"किती?"

"एक्कावन्न." तो हसेल म्हणून तिनं चेहरा आधीच हसरा करून ठेवला.

तो हसला नाही. बोटांवर हिशोब करत म्हणाला, "माझं सत्तावन्न. म्हणजे मी तुझ्याहून सहाच वर्षांनी थोरला. काका-बिका म्हणायचं नाही हां. दादा म्हण."

शेजारी बसलेल्या बाईनं तोंडाला पदर लावला. "माझं सत्तेचाळीस. म्हणजे ही माझ्यापेक्षा मोठी! दादा, मग मी हिला आपा म्हणू का?"

"म्हण की."

"आपा, तिथं उभ्या का? इकडं या. आणि जरा सरकून घ्या, माझी पिशवी राहू दे मधी."

शर्वाणी बसली, सरकली. आजवर तिला शेकडो वेळा 'सरक' म्हटलं गेलं होतं. पिशवीला जागा हवी म्हणून कुणी म्हटलं, ते पहिल्यांदाच.

दादा म्हणजे अशोक ऐनापुरे. त्यांचं खरं वय एकोणपन्नास. एसटी स्टँडसमोर त्यांची साबुदाणा वड्याची गाडी होती. आता भाचा चालवत होता. बाई म्हणजे जैनब मुजावर. तिच्या घरी तंबोरे होत. भोपळ्यांना रंग-रोगण लावायचं काम तिचं. त्या वासानं की जेवणाच्या अनियमितपणानं की दोन्हींनी, तिचं यकृत तिच्याआधी म्हातारं होऊ लागलं होतं.

गुरुवारची रीत ठरलेली होती. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रक्त. आणि दर गुरुवारी अंगणातल्या चिंचेभोवती तासभर चालायचं, रबरी पट्टे ओढायचे, मग सगळ्यांनी मिळून न्याहारी: भाकरी, मटकीची उसळ, ताक. चालताना ऐनापुरेदादा बोलायचे.

"मी पण लहानपणी तुझ्यासारखाच होतो बघ. तेव्हा हे यंत्र कुठलं? लोक म्हणायचे, खात्यापित्या घरचं पोर हाय. माझी आईच मला दृष्टीचा काळा टिक्का लावायची! पंचविशीत साखर लागली. तिशीत रक्तदाब. पस्तिशीत झोपेत श्वास अडकायला लागला, म्हणून नाकाला मशीन. चाळिशीत गुडघे गेले. यकृत सगळ्यांत शेवटी बोललं. ते मुकं असतंय. बोलतं तेव्हा उशीर झालेला असतोय."

"दादा, पोरीला भिववू नका," जैनब म्हणायची.

"भिववत नाही. आपा माझ्याहून धाकटी हाय, थोरल्यानं सांगायचं असतं."

शर्वाणी चिंचेभोवतीचे फेरे मोजायची. पहिल्या महिन्यात चार. तिसऱ्या महिन्यात अकरा.

शाळेत ती दर गुरुवारी मधल्या सुट्टीत पोचायची, म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. "काकू आल्या! गुडघे काय म्हणतात, काकू?" स्वानंदी पाचवीपासून तिच्या बाकावर बसायची, ती आता खिडकीशी बसू लागली. "इथं फळा नीट दिसतो," असं तिनं सांगितलं. चांगल्या मनानंच सांगितलं. शर्वाणी डबा घेऊन जिन्याखालच्या पायरीवर बसायची. तिथं पाण्याच्या टाकीचा आवाज यायचा. शुक्रवार ते बुधवार हे सहा दिवस तिच्यासाठी लांबलचक बोगद्यासारखे असत आणि पलीकडच्या तोंडाशी एक चिंच असे.

यकृत ऐकू लागलं. एक्कावन्नाचं अठ्ठेचाळीस झालं. मग पंचेचाळीस. सहाव्या महिन्यात पडद्यावर एक्केचाळीस उमटलं, तेव्हा अख्ख्या रांगेनं टाळ्या वाजवल्या.

"शाब्बास!" डॉक्टर म्हणाल्या. "पुढच्या खेपेला चाळिशीच्या आत. म्हणजे तुझा बुधवार."

टाळ्या वाजतच होत्या आणि शर्वाणी तिसऱ्या बाकाकडं बघत होती. हे असं होणार, हे आकड्यांच्या आनंदात तिच्या लक्षातच आलं नव्हतं. पुढच्या बुधवारी ती शाळेला जाताना वाट वाकडी करून केंद्रात डोकावली. पंचविशी-तिशीची माणसं कानांत इअरफोनच्या गुंड्या घालून, मांडीवरच्या पडद्यात डोकं खुपसून बसली होती. चिंचेभोवती प्रत्येक जण आपापल्या वेगानं चालत होता. कुणी कुणाला नाव विचारत नव्हतं.

"मी चाळिशीच्या आत गेले आणि तरी गुरुवारीच आले तर?" तिनं खिडकीत विचारलं.

"यंत्र कार्ड घेत नाही, बाळा. दारच उघडत नाही."

त्या शुक्रवारी संध्याकाळी ती आईला म्हणाली, "आई, मी शनिवार परत धरू का?"

उज्ज्वलाचा हात कणकेत थांबला. "डॉक्टर नको म्हणाल्यात ना?"

"आता आकडा उतरलाय. एखादा दिवस चालतो म्हणाल्या."

उज्ज्वलाचा चेहरा असा उजळला, की शर्वाणीला तिच्याकडं बघवेना. सहा महिने त्या बाईनं आपली माया फडताळात कुलूप लावून ठेवली होती. तिनं लगेच साबुदाणा भिजत घातला, दाणे भाजले, साली फुंकरून उडवल्या. शनिवारी खिचडी मोत्यांसारखी मोकळी झाली होती. शर्वाणीनं दोनदा घेतली. तिला ती आवडत होती असंही नाही. ती औषधासारखी खात होती.

शनिवारामागं सोमवार आला. एक्केचाळीसचं त्रेचाळीस झालं. पुढच्या महिन्यात पंचेचाळीस. डॉक्टर बेडगे कागद उलटसुलट करत राहिल्या.

"काय चुकतंय बाळ?"

"काही नाही."

"इथं एक नवी खूण दिसतेय, अगदी पुसट. व्रण धरायला लागल्याची. यंत्राची चूक असेल तर बरं. पुढच्या महिन्यात कळेल." त्यांनी कागद खाली ठेवला. "शर्वाणी, ही खूण पक्की झाली तर ती मला पुसता येणार नाही."

शर्वाणीनं मान हलवली. बाहेर जैनबनं तिसऱ्या बाकावर तिच्यासाठी पिशवी ठेवून जागा धरली होती. ती जागा बघितली आणि डॉक्टरांचं बोलणं जणू कुण्या दुसऱ्याच मुलीविषयी होतं असं तिला वाटलं.

न्याहारीला जैनबनं तिच्या ताटात भाकरी ठेवली.

"मला नको. आज उपास आहे."

ऐनापुरेदादांनी उसळीचा घास तोंडाशीच थांबवला. गेल्या महिन्यात त्यांच्या डोळ्यांत पिवळी झाक आली होती. त्या डोळ्यांनी त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कुठला उपास?"

"गुरुवारचा."

"शनिवारचा पण?"

तिनं भाकरी ताटाच्या कडेला सरकवली.

"आणि सोमवारचा. खिचडी की वडे?"

"खिचडी," ती पुटपुटली.

"बावीस वर्षं," दादा म्हणाले, "बावीस वर्षं स्टँडसमोर उभा राहून मी आख्ख्या गावाचे उपास तळलेत. आणि तू मला फसवतीस? तुला ठाऊक हाय साबुदाणा काय करतो ते. फळ्यावर चित्र काढून दाखवलंय तुला. तरी खातीस. म्हणजे मुद्दाम खातीस. का?"

"दादा, हळू," जैनब म्हणाली.

"का गं?"

शर्वाणीनं भाकरीवरून नजर उचलली. "बुधवारी माझं कोण आहे?" ती म्हणाली. "आणि त्यानंतर सोमवार. सोमवारी तर सगळी शाळाच असते. इथं मला..."

चिंचेखाली चालणारी दोन-तीन माणसं थांबली आणि ऐकू आलं नाही असं दाखवत पुन्हा चालू लागली.

जैनबनं तिचा हात आपल्या हातात घेतला. तिची बोटं रोगणानं तांबूस झालेली होती. "ऐक आपा. भोपळा वेलावर असताना कधी कधी एका अंगाला कलून वाढायला लागतो. शेतकरी त्याला फिरवून ठेवतो, खाली गवत सारतो. सरळ होतो. हिरवा असतो ना, ऐकतो. पण वाळून आमच्याकडं आला आणि त्याला चीर असली, तर आम्ही ती भरतो, वर रंग देतो, नक्षी काढतो. बघणाऱ्याला दिसत नाही. वाजवणाऱ्याला मात्र पहिल्या सुरात कळतं. आम्ही दोघं भरलेले भोपळे आहोत बेटा. तू वेलावर आहेस."

ऐनापुरेदादांनी खिशातून आपलं कार्ड काढलं आणि तिच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यावर आकडा होता: एकसष्ट.

"आज सकाळीच उमटला," ते म्हणाले. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पुढच्या आठवड्यापासून माझा शुक्रवार. दार मला पण उघडायचं नाही. ज्या बाकासाठी तू स्वतःला म्हातारी करतीस, त्या बाकावर मीच नसणार बघ."

शर्वाणीनं कार्डाकडं पाहिलं. मग बाकाकडं. मग कितीतरी वेळ भाकरीकडं.

"खा," दादा म्हणाले. "उपास मोडल्याचं पाप माझ्या डोक्यावर."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ओट्यावर पातेल्यात साबुदाणा भिजत होता.

"आई, एखादा उपास चालतो असं डॉक्टर म्हणाल्या नव्हत्या."

उज्ज्वला वळली. "मग का, शरू? माझ्या हातनं का करून घेतलंस?"

"मला तिथंच राहायचं होतं."

"आजारी माणसांत? आणि इथं माझ्याजवळ?"

"तू मला वाढतेस, आई," शर्वाणी म्हणाली. "बोलत नाहीस."

उज्ज्वला ओट्याला टेकून उभी राहिली. तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं, ते नीट बसलं नव्हतं म्हणून पुन्हा ठेवलं. मग पदरानं हात पुसत जमिनीवर बसली. अठरा वर्षं ती बायांना फक्त ग्रॅम आणि किलो सांगत आली होती. शेवटी तिनं विचारलं, "तिसऱ्या बाकावर कोण कोण असतं?"

शर्वाणी सांगू लागली.

पुढच्या महिन्यातही ती पुसट खूण होती. त्याच्या पुढच्या महिन्यात ती नव्हती. डॉक्टरांनी कागद दोनदा तपासला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण उतरलेला आकडा वाकडी वाट करून आला होता. आधी सहा महिन्यांत दहा वर्षं उतरली होती; आता सातच उतरायला आठ महिने लागले. फाल्गुनात पडद्यावर अडतीस उमटलं.

शेवटच्या गुरुवारी ती बाहेर पडली तेव्हा फाटकाशी ऐनापुरेदादा उभे होते. गुरुवारी त्यांना आत येता येत नव्हतं म्हणून रिक्षानं फाटकापर्यंत आले होते. पोट आणखी फुगलं होतं, चेहरा आटला होता. जैनबनं त्यांना हात दिला. दादांनी मिठाईच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा शर्वाणीच्या हाती ठेवला. त्यावर निळ्या पेनानं, शाळेत असतात तसे रकाने आखले होते.

*रांग सोडल्याचा दाखला.*
*नाव: शर्वाणी खोत ऊर्फ आपा.*
*दाखल झाली तेव्हाचे वय: एक्कावन्न. सोडतानाचे वय: अडतीस.*
*प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली. एकदा खोटे बोलली.*
*रांग सोडण्याचे कारण: वयाने लहान झाल्यामुळे.*

खाली दोन सह्या होत्या. एक दादांची, दुसरी जैनबची, तिच्या बोटाच्या तांबूस ठशासकट.

"हा दाखला दाखवल्याशिवाय बुधवारवाले तुला घेणार नाहीत," दादा गंभीरपणे म्हणाले, आणि मग त्यांना धाप लागली.

बुधवारवाल्यांनी दाखला विचारला नाही. काहीच विचारलं नाही. वर्षभराहून जास्त शर्वाणी त्या चिंचेभोवती एकटी चालली. फेरे वाढत वाढत तीसवर गेले. मानेवरचा पट्टा फिका झाला. घरी आई आता जेवताना समोर बसायची आणि दोघी काहीबाही बोलायच्या. कधी विषय संपायचा, कधी नाही. शाळेत 'काकू' म्हणणं आपोआप थांबलं, कारण मुलं ते विसरली. पण तिला हाक मारायला दुसरं नावही कुणी शोधलं नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी जैनबचा फोन आला. "आपा," ती म्हणाली आणि थांबली. दादांचं नाव दुसऱ्या यकृतासाठी यादीत होतं. यादी लांब होती. दादांना तेवढं थांबता आलं नाही.

दहावी संपल्यावर जूनमध्ये शर्वाणीच्या कार्डावर एकोणीस उमटलं आणि तिची रांग बदलली. सोमवार. आता कुणी हसलं नाही. वेगवेगळ्या शाळांची मुलं बाकांवर बसली होती. तिनं टोकाची जागा घेतली. शेजारची जागा रिकामी राहिली. कार्डाच्या प्लॅस्टिकमागं तो पुठ्ठा होता. कडा मऊ झाल्या होत्या.

खिडकीशी एक नऊ-दहा वर्षांची मुलगी आपल्या बाबांचा शर्ट धरून उभी होती. जाड, गोरी, दोन वेण्या. माणूस तोच होता, माइकही तोच.

"यकृत चव्वेचाळीस," तो म्हणाला. "सोमवारी नाही हो. गुरुवारी या."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. ती मुलगीही हसली. घाईघाईनं, सगळ्यांच्या आधी.

शर्वाणी उठली. ती दोघं फाटकाशी पोचेपर्यंत तिनं त्यांना गाठलं.

"ए, ऐक. गुरुवारी आलीस ना, की तिसऱ्या बाकावर जा. तिथं जैनबचाची असते, बोटं तांबडी असतात तिची. तिला सांग, आपानं पाठवलंय. ती पिशवी उचलून तुला जागा देईल."

मुलगी तिच्याकडं बघत राहिली. "तू असशील तिथं?"

"नाही," शर्वाणी म्हणाली. "मला तिथं घेत नाहीत. मी अजून लहान आहे."